वरची पळी

थोरल्यानं पिशवी उपडी केली आणि डब्यांचे नमुने ओट्यावर सांडले. गोल, चौकोनी, लांबट, तीन कप्प्यांचे, काळे, पांढरे, आणि एक कागदी, त्याच्या झाकणाला कुणी हौसेनं खिडकी ठेवली होती. एक गोल डबा ओट्यावरून घरंगळला आणि थेट शेगडीखाली जाऊन बसला.

"बघा, पहिलाच पळाला," सून म्हणाली. हसलं कुणीच नाही, ती स्वतःसुद्धा.

दुपारची गिऱ्हाइकं संपली होती. संपली म्हणजे काय, आली होती दोन, तीही पावसाचा अंदाज घेत खिडकीशी बसून फक्त सूप पिऊन गेली. बाहेर सगळा हॉल मोकळा पडला होता. तरी थोरला, सून आणि थोरल्याची धाकटी बहीण ओट्याभोवती, स्वयंपाकघराच्या उष्म्यात उभी होती आणि वडील, अण्णा, आतल्या कोठीत होते. नियमच होता तसा. थोरल्याच्या ज्या आजीनं चार बाकड्यांवर ही खाणावळ सुरू केली, तिनंच तो घालून दिलेला: घरच्या माणसानं गिऱ्हाइकाच्या जागी बसायचं नाही. आजी गेली, बाकड्यांच्या जागी टेबलखुर्च्या आल्या, अण्णांची बायको त्याच टेबलांमधून ताटल्या नाचवत म्हातारी झाली आणि तीही गेली, पण त्या खुर्च्यांत घरचं कुणी टेकलं नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सून दमून एकदा बसली होती. सासूनं तिला दंडाला धरून उठवलं होतं. रागावली नव्हती, पण उठवलं होतं.

आणि आता महिनाअखेरीस त्या हॉलची किल्ली दाताच्या डॉक्टरला द्यायची होती. बोलणी झाली होती, कागद झाले होते. खाणावळ उरणार होती ती एवढ्या ओट्यापुरती, मागच्या दारानं, पार्सलची. थोरल्याला हे ठाऊक होतं, सुनेला ठाऊक होतं. धाकटीलाही ठाऊक होतं, कारण आईनं जाताना जागा दोन्ही मुलांच्या नावावर करून ठेवली होती आणि धाकटीच्या सहीवाचून पान हललं नसतं. ठाऊक नव्हतं ते फक्त अण्णांना.

"आधी डबे ठरवू, मग सांगू," थोरला सकाळी म्हणाला होता. थोरल्याचं सगळं आयुष्य या 'मग'वर चाललं होतं. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मग, आईचं दुखणं कळलं तेव्हा मग. सून मात्र आज ठरवून उभी होती. डबे झाले की तीच बोलणार होती, कारण दुसरं कुणी बोलणार नाही हे तिला लख्ख कळून चुकलं होतं.

"काय हो, वन्सं, उभ्या का अशा पाहुण्यासारख्या?" ती धाकटीला म्हणाली. "झाकणं लावून बघा की."

"वहिनी, मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मला डब्यातलं काय कळतंय?"

"झाकण लागतंय का नाही, एवढं तरी दिसेल ना चष्म्यातून?"

आतल्या कोठीतून अण्णा रस्स्याचं पातेलं दोन्ही हातांनी धरून बाहेर आले आणि तिघंही डब्यांकडं वळली.

*

अण्णांना बरं वाटत होतं. आईशप्पथ बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना काही विचारत होतं.

मोबाईलवर ऑर्डरी यायला लागल्यापासून त्यांच्यापर्यंत फक्त ओरडा यायचा. दोन रस्सा, एक भात, लवकर. खाणारं म्हातारं आहे की पोर, एकटं आहे की घरभर माणसं आहेत, काही पत्ता लागायचा नाही. पूर्वी ते दाराच्या फटीतून हॉलमध्ये डोकावत. कुणी मान खाली घालून भराभर जेवायचं, कुणी उगाच भात चिवडत बसायचं. त्यावरून ते पुढच्या पातेल्यात मीठ घालायचे. आता फटीतून बघायला काही उरलं नव्हतं. पण काल सून आपणहून म्हणाली, "अण्णा, डबा तुम्हीच निवडा." म्हणून आज त्यांनी दाढी केली होती आणि धुतलेला एप्रन बांधला होता.

"पाणी भरून बघायचं नाही," ते म्हणाले. "पाण्याला काय, पाणी कशातही राहतं. रस्साच भरायचा. उकळता. वर तेल असलेला."

"भरा," थोरला म्हणाला.

त्यांनी तीन डबे ओळीनं मांडले. गोल खोल, चौकोनी उथळ आणि कप्प्यांचा. चौकोनीत रस्सा, गोलात रस्सा, कप्प्यांच्यात एकीकडं भात, दुसरीकडं रस्सा, तिसरीकडं तळलेला मासा. तिन्ही भरून झाले आणि मग अण्णांनी पळी पुन्हा पातेल्यात बुडवली आणि तिन्हींत वरून एकेक ओतली.

ही वरची पळी. तीही आजीचीच. ताटली वाढून झाली की न मागता आणखी एक. गिऱ्हाईक 'पुरे पुरे' म्हणत हात आडवा धरायचं आणि ते म्हणेपर्यंत पळी रिकामी झालेली असायची. आजूबाजूच्या कितीतरी खाणावळी आल्या, बुडाल्या. ही टिकली ती या एका पळीवर, असं अण्णांचं ठाम मत होतं.

थोरल्यानं झाकणं दाबून बसवली, डबे स्कूटरच्या पेटीत ठेवले आणि बाजारातून एक चक्कर मारून यायला निघाला. सगळे गतिरोधक घेऊन, मुद्दाम.

"हळू चालवायचं नाही," अण्णांनी मागून बजावलं. "नेहमीसारखं चालव. गाढवासारखं."

धाकटी हसली. अण्णांनी शेगडीखालून तो पळालेला डबा काढला, एप्रनला पुसला आणि तिच्या हातात दिला.

"मला विचारशील तर गोलच. कोपरा नाही त्याला."

"मग?"

"मग काय मग? चमचा गोल, पळी गोल, पातेलं गोल. चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात जो रस्सा अडकतो तो खाणाऱ्यानं काढायचा कशानं? ऑफिसात चार माणसांत बसून बोट घालील होय तो?"

"घालतात काही, अण्णा. आमचे साहेब घालतात."

"तुमच्या साहेबाला एकदा इथं घेऊन ये. ताटलीत वाढतो त्याला, खिडकीजवळच्या टेबलावर. पावसाळा संपला की सगळ्या खुर्च्यांना रंग द्यायचाय मला. तुझ्या आईला तो हिरवा आवडायचा, तोच."

धाकटी डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती. अण्णांना वाटलं, पोरीला आईची आठवण झाली. त्यांनी तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि ते भात बघायला वळले.

*

तो हात पाठीवर होता तेवढा वेळ धाकटी झाकण घट्ट धरून उभी राहिली. सांगून टाकावं, आत्ताच, दादा यायच्या आत. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात वहिनीनं ओट्यापलीकडून मान हलवली, नको. आणि धाकटीनं तोंड मिटलं. मिटताना तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि या सुटण्याची तिला मनापासून लाज वाटली.

स्कूटर मागच्या दाराशी आली. थोरल्यानं डबे ओट्यावर मांडले. चौघंही वाकली.

कप्प्यांच्या डब्यात रस्सा भिंत ओलांडून भातात शिरला होता आणि मासा वाफेनं ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. चौकोनीच्या एका कोपऱ्यातून तेल गळून पेटीचा तळ लाल झाला होता. गोल डबा कोरडा होता. अण्णांनी त्याचं झाकण उघडलं, आतून वाफ आली, आणि त्यांनी सगळ्यांकडं असं पाहिलं, जणू तो डबा त्यांनी स्वतः घडवला होता.

"झालं. चौकोनी बाद. दुसरं काही बघायचंच नाही."

"अण्णा, चौकोनीत आतून एक रेघ आहे," सून म्हणाली. "तिथपर्यंतच भरायचं असतं. तुम्ही वरची पळी घातली म्हणून गळाला तो."

"आपण आत्ता वापरतो ते चौकोनीच आहेत की. रोज पळी घालतो मी. रोज गळतात का? तक्रारी बंद झाल्या म्हणून तूच सांगितलंस."

धाकटीनं वहिनीकडं पाहिलं. वहिनीचा चेहरा तिनं असा कधीच पाहिला नव्हता, कुठलीतरी गाठ सोडून टाकावी तसा.

"मी काढते," सून म्हणाली.

"काय काढतेस?"

"वरची पळी. तुम्ही डबा पुढं सरकवला की झाकण लावायच्या आधी मी चमच्यानं तेवढा रस्सा काढते. पहिल्यांदा लोकांनी काय काय लिहिलं होतं तुम्हाला माहीत नाही, अण्णा. पिशव्या गळल्या, कपडे खराब झाले. तुम्हाला सांगून तुम्ही ऐकलं नसतंत."

"आणि काढलेला रस्सा जातो कुठं?"

आता तिनं उत्तर देऊ नये असं धाकटीला फार वाटलं.

"रात्री आपण जेवतो तो."

अण्णा पातेल्याकडं बघत राहिले. रोज रात्री ते पाटावर बसताना म्हणायचे, आज रस्सा बरा उरला. धाकटी माहेरी आली की तिनंही ते ऐकलं होतं. त्यांना केवढं समाधान असायचं त्याचं.

"बरं," अण्णा म्हणाले. आवाज लहान झाला होता, पण रागाचा नव्हता. "बरं, चुकलंच माझं. गळतो तर गळतो. पण मग तेच म्हणतोय ना मी? गोल घ्या. खोल आहे. वरची पळी आत मावते आणि झाकणही बसतं. तुला काढावी लागायची नाही आणि मला सोडावी लागायची नाही."

इतकं साधं होतं ते. धाकटीला रडू आलं.

"अण्णा, गोल एकावर एक नीट राहत नाहीत," थोरला म्हणाला. "पेटीत दोघांच्या मध्ये केवढी जागा वाया जाते. चौकोनी कसे, भिंतीसारखे रचता येतात."

"पेटी मोठी घे."

"आणि ठेवायचे कुठं? पोती येणार त्यांची. झाकणांची वेगळी. इथं ओट्याखाली मुंगीला जागा नाही."

"इथं कशाला? बाहेर हॉल आहे की एवढा. मागच्या भिंतीला फळ्या ठोक. तिकडची दोन टेबलं नाहीतरी कुणी घेत नाही."

थोरला स्कूटरची किल्ली बोटात फिरवत होता, ती थांबली. सुनेनं ओट्यावरचं तेल पुसायला फडकं घेतलं आणि पुसायच्या ऐवजी तसंच धरून ठेवलं.

"काय झालं?" अण्णा म्हणाले. "फळ्याच तर ठोकायच्यात."

"अहो," सून थोरल्याला म्हणाली. "बोला आता."

"मग बोलू ना गं. आत्ता डब्यांचं..."

"डब्यांचंच आहे हे सगळं." ती अण्णांकडं वळली. "अण्णा, हॉल राहणार नाही आपल्याकडं. दाताच्या डॉक्टरला दिलाय. एक तारखेपासून भिंत पडेल इथं, या दारात. आपल्याला एवढं स्वयंपाकघर आणि मागचं दार. म्हणून चौकोनी. गोल ठेवायला जागाच नाही."

अण्णांनी दाराकडं पाहिलं. दार नेहमीसारखं थोडं उघडं होतं आणि फटीतून खिडकीजवळचं टेबल दिसत होतं.

"कुणी दिला?"

"आम्ही," थोरला म्हणाला. "अण्णा, येतंय कोण बसायला? तुम्हीच सांगा. दिवे, पंखे, झाडलोट, सगळं त्या दोन सूपवाल्यांसाठी? पार्सलवर चाललंय सगळं. आम्ही जगवलं तेवढं जगवलं."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. ते धाकटीकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर अजून एक आशा होती, आणि ती धाकटीला स्पष्ट दिसली. आता ती भावाला फैलावर घेईल, लहानपणी घ्यायची तशी. ती म्हणेल, दादा, आईची जागा आहे ती, माझी सही कुठंय?

"तू सांग यांना," अण्णा म्हणाले. "तुझ्याशिवाय होणार नाही ते. तुझी सही लागते."

धाकटीच्या हातात अजून तो गोल डबा होता. तिनं झाकण लावलं. ते नीट बसलं, टक्क आवाज झाला.

"केली, अण्णा," ती म्हणाली.

"कधी?"

"मागच्या वेळी आले होते तेव्हा."

मागच्या वेळी ती आली होती तेव्हा अण्णांनी तिच्यासाठी तिच्या आवडीचा मासा तळला होता आणि ती दोन ताटल्या जेवली होती. हे दोघांनाही एकदमच आठवलं असावं, कारण अण्णांनी मान खाली घातली.

"हं," ते म्हणाले. त्यांनी एप्रनची गाठ सोडली. गाठ मागं होती, वेळ लागला. कुणाचीही पुढं व्हायची हिंमत झाली नाही. एप्रन त्यांनी खिळ्याला अडकवला, पळी पातेल्यात ठेवली आणि ते दारातून हॉलमध्ये गेले.

*

खुर्ची ओढल्याचा आवाज आला तेव्हा सून दारापाशी गेली आणि तिथंच थांबली.

अण्णा खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. खुर्चीत. पाय जुळवून, हात टेबलावर ठेवून, पहिल्यांदाच खाणावळीत आलेल्या माणसासारखे संकोचून. इतक्या वर्षांत ते त्या जागी कसे दिसतील हे तिनं मनातसुद्धा आणलं नव्हतं. ते फार छोटे दिसत होते. तिला वाटलं, सासूबाई असत्या तर त्यांना दंडाला धरून उठवलं असतं, आणि मग पुढचं सगळं सोपं झालं असतं. तिच्यात ते बळ नव्हतं. जे करायचं ते तिनंच केलं होतं आणि ते तिला करावं लागलं होतं, आणि या दोन्हींपैकी कशाचाही आता उपयोग नव्हता.

मागं धाकटी ओट्यावर डोकं टेकून रडत होती. थोरला तिला, "अगं, मग समजावू आपण," असं म्हणत होता.

सुनेनं ताटली घेतली. भात वाढला, रस्सा वाढला, मग पळी पुन्हा बुडवून वरून एक घातली, काठापर्यंत. दोन्ही हातांनी ताटली धरून ती टेबलापाशी गेली.

"अण्णा, जेवा. सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही."

अण्णांनी ताटलीकडं पाहिलं. रस्सा काठाशी हलत होता.

"ताटलीत नको," ते म्हणाले. "बांधून दे."

"अण्णा, असं काय करता? बसा ना. गरम आहे."

"बांध गं. नेतो मी."

"कुठं नेता? वरती तर राहतो आपण."

त्यांनी ताटली तिच्याकडं सरकवली. ती ताटली घेऊन आत आली. ओट्यावरचा गोल खोल डबा तिनं उचलला, तेवढ्यात त्यांचा आवाज आला, मोठा नाही, पण गिऱ्हाइकानं आत सांगावा तसा.

"चौकोनीत बांध. आणि वरची पळी नको घालू. झाकण बसत नाही."

तिनं चौकोनी डबा घेतला. रेघेपर्यंत भरला. चारही कोपरे एकेक करून दाबले. पिशवीत ठेवताना चमचा ठेवायचा की नाही हे तिला सुचेना, मग तिनं ठेवला.

अण्णांनी उठून पिशवी घेतली, खुर्ची जागच्या जागी सारली आणि ते समोरच्या दारानं बाहेर पडले, ज्या दारानं घरचं कुणी जात-येत नसे. रस्ता ओलांडून ते पलीकडच्या बसथांब्याच्या बाकावर बसले. पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली, दोन्ही हातांनी सरळ धरली. एक बस आली, थांबली, गेली. ते तिथंच होते, हॉलच्या काचेकडं तोंड करून. पिशवी उघडली नव्हती.

"बोलवू का त्यांना?" थोरला मागून म्हणाला.

"काय म्हणून बोलवणार?" ती म्हणाली.

मोबाईल वाजला. संध्याकाळची पहिली ऑर्डर. दोन रस्सा, एक भात, आणि खाली लिहिलं होतं, लवकर. ते ओरडून सांगायला ती वळली, आणि शेगडीपाशी कुणी नव्हतं. शेवटी थोरल्यानंच पळी उचलली. त्यानं चौकोनी डबा रेघेपर्यंत भरला आणि ओट्यावरून तिच्याकडं सरकवला.

सुनेनं सवयीनं चमचा हातात घेतला, वरचा रस्सा काढायला. काढण्यासारखं काही नव्हतं.